जुन्या जिनाचं पटांगण

माझी जागा पूर्वेच्या भिंतीवर.
एक वीट बाहेर आलीय ना, तिच्या डाव्या अंगाला.
वीट मी काढलेली नाही.
अठ्ठ्याहत्तरच्या पोळ्यानंतर सामने झाले,
तेव्हापासून मी तिच्यावर कोपर टेकवतोय.
आता तिथं खळगा पडलाय.
विटेला पडला की कोपराला, असं बायको विचारते.

मी सुपडू शिंपी, धरणगाव.
नवयुगच्या पोरांचे बनियन मी शिवले, चड्ड्या मी शिवल्या,
पाठीवरचे आकडे लाल मांजरपाटातून कापले
आणि हातानं टाचले,
कारण मशीनचा टाका पकडीत उसवतो.
शब्बीर पिंजाऱ्याचा सात एकदा घाईत उलटा लागला.
त्या दिवशी त्यानं एका चढाईत चार गडी टिपले,
एरंडोलवर लोण चढलं,
आणि पुढं अकरा वर्षं
त्यानं मला तो सात सरळ लावू दिला नाही.

इथली माती काळी. उन्हाळ्यात भेगाळते.
म्हणून गिरणाकाठून दोन गाड्या पोयटा यायचा.
दयाराम कोळी तो चाळायचा,
वर उकिडवा बसून बोटांनी चाचपायचा,
खडा सापडला की खिशात टाकायचा.
तो गेला तेव्हा त्याच्या घरात
घासलेटचा एक डबा निघाला,
गळ्यापर्यंत खड्यांनी भरलेला.

जीन बंद पडलं तेव्हा मालकानं पत्रे विकले,
यंत्रं विकली, वजनकाटासुद्धा विकला.
सरकी तेवढी जमिनीत राहिली.
पाऊस झाला की ऐन निदान रेषेवर कपाशी उगवायची.
हिलाल सामन्याआधी ती उपटायचा,
कानामागं खोचायचा,
मग कोपऱ्यात वाकून उभा राहायचा.
घोटा त्याच्या हाती लागला
की आम्ही भिंतीवरचे लोक
पुढच्या गड्याकडं बघायला लागायचो.

आता नवयुग जळगावला खेळतं. बंद हॉल, मॅट.
बनियन सुरतहून छापून येतात,
पाठीवर बियाण्याच्या कंपनीचं नाव.
यात वाईट काही नाही. पोरांचे गुडघे वाचतात.
हिलालचे गुडघे पाहिले
तर मीच म्हणेन, मॅट पाहिजे.

गेलो ना एकदा. नातवानं तिकीट काढलं.
खुर्चीला नंबर होता, एफ बावीस.
कोपर कुठं ठेवावं कळेना.
धूळ उडत नाही,
त्यामुळं गडी किती जोरात पडला तेही कळेना.
पोरं जिंकत होती, खोटं कशाला बोलू.
अर्ध्या वेळेला नातू म्हणाला, "काय व्हयनं आबा?"
म्हटलं, "काही नही भो. माले घर जाणं शे."
एस.टी.त बसलो.
कंडक्टरनं विचारलं तर बोललो नाही,
नोट नुसती पुढं केली.
दम धरला होता.
अंधारात विटेला कोपर लागलं, तेव्हा सोडला.

शनिवारी अजून जातो.
शेळ्या असतात. एक पोरगा मोटरसायकल शिकतो,
गोल गोल, बरोबर मैदानाच्या हद्दीबाहेरून,
त्याला कुणी सांगितलेलं नाही तरी.
शब्बीर येतो काठी टेकत.
भिंतीवर चढणं त्याला जमत नाही,
मला उतरणं जिवावर येतं.
तो खाली, मी वर, बघत राहतो.
मधेच तो पुटपुटतो, "हिलाल सरकना, दख."
मी म्हणतो, "दिसतंय."

काल मध्यरेषेवर कपाशी दिसली, दोन पानांची.
रेषा कधीच पुसलीय,
पण ती कुठं होती हे आम्हा दोघांना ठाऊक आहे.
शब्बीर काठीनं दाखवत म्हणाला, उपटू का?
म्हटलं, राहू दे.
ते हिलालचं काम.