जाळ्याच्या अलीकडे

दोन्या एडेलमिरा म्हणाली, "घाई नको.
आधी नुसतं दिसू दे एकमेकींना."
आणि माळ्यावरून ओढून काढलं
मेलेल्या नवऱ्याचं मासेमारीचं जाळं.
अजून वास येतो त्याला, म्हणजे मला येतो.
सासूला माझ्या तो कधीच येत नाही.

खुराड्याच्या मधोमध टांगलं आम्ही ते.
पलीकडे तिच्या सात कोंबड्या,
बिनशेपटीच्या, निळी अंडी घालणाऱ्या,
आणि त्यांची म्होरकी, एका डोळ्याने अधू,
जिला ती नुसतं "बाई" म्हणते.
अलीकडे माझ्या चार तलंगा,
कास्त्रोच्या बाजारातून बुटाच्या खोक्यात
बसमध्ये मांडीवर धरून आणलेल्या.
तेव्हा मुठीत मावायच्या.
चुलीमागे वाढल्या. आता चौदा आठवड्यांच्या,
नुसते पायच पाय,
आवाज अर्धा पिल्लाचा, अर्धा बिजागरीचा.

पहिल्या दिवशी बाई जाळ्यापाशी आली.
मान तिरकी करून चांगल्या डोळ्याने
एकेकीला न्याहाळलं,
स्थळ बघायला आलेल्या आत्यासारखं,
मग पाठ फिरवली आणि शिटली.
"झाली ओळख," दोन्या एडेलमिरा म्हणाली.

रोज एकाच वेळी दोन्हीकडे दाणे टाकायचे,
जाळ्याच्या अगदी कडेला,
म्हणजे चोची वीतभर अंतरावर येतात
आणि खाताना भांडायला सवड नसते.
नऊ दिवस हे चाललं. पाऊसही चालू होता,
इथे तो चालूच असतो.
मी कलामाची, वाळवंटातली,
आमच्याकडे पाऊस म्हणजे ऐकीव गोष्ट.
एलिएसेर सामनच्या पिंजऱ्यांवर, चौदा दिवस समुद्रात,
सात दिवस घरी, त्यातले दोन झोपेत.
उरलेल्या दिवसांत आम्ही दोघी, आणि बटाटे.
ती रोज सकाळी विचारायची, "झोप लागली?"
मी म्हणायचे, "लागली."

दहाव्या दिवशी जाळं वर गुंडाळलं.
दोरीला एक कोबी टांगला, उंच,
उड्या मारून खावा लागेल असा.
"रिकामी चोच वाईट," ती म्हणाली.
दोन पाट्या पाणी, तीन पाट्या दाणे,
आणि कोपऱ्यात एक फळी तिरकी टेकवून ठेवली,
लपायला एक जागा, पण दोन तोंडांची,
कोंडीत सापडू नये म्हणून.

मी धावत सुटणार तेवढ्यात तिने बाही धरली.
"पिसं उडाली तर बस. रक्त आलं तर ऊठ."
पिसं उडाली. आम्ही बसलो.
कोबीवर चढाओढ, चिखलात पाठलाग,
एक तलंग फळीखालून गेली आणि दुसऱ्या तोंडाने
पुन्हा थेट बाईच्या पुढ्यात आली, वेडी.
मग राखाडीच्या तुऱ्यावर लाल ठिपका दिसला
आणि मी उठायच्या आत
सत्तरी ओलांडलेली बाई गमबुटांत धावली,
बाईला (कोंबडीला) लाथेने दूर सारून
राखाडीला पोलक्यात घातलं,
तुऱ्याला डुकराची चरबी आणि चुलीतली काजळी फासली.
"लाल दिसलं की सगळ्याच टोचतात," ती पुटपुटली.
"चांगल्यासुद्धा."
मी विचारलं नाही, कोण चांगल्या.

त्या रात्री कंदील न लावता गेलो.
झोपलेल्या कोंबड्यांत हाताने चाचपत
एकेक तलंग दांडीवर ठेवली.
"अंधारात कोंबडीला मोजता येत नाही," ती कुजबुजली,
"सकाळी वाटतं, ह्या होत्याच."
खरं की खोटं, देव जाणे.
दोन ऊबदार अंगांमध्ये राखाडी सरकवताना
कोणीतरी झोपेतच गुरगुरलं,
आणि जागा दिली, पण थोडीच.

आता तीन महिने झाले.
राखाडी अजून शेवटी खाते.
बाई अजून तिला येता-जाता एक टोचा मारते,
मन लावून नाही, हजेरी घेतल्यासारखा.
जाळं माळ्यावर परत गेलंच नाही.
खुराड्याबाहेर, पत्र्याखाली ताणून बांधलंय,
त्याच्यावर आम्ही मोजे वाळत घालतो.
वाळत नाहीत.