सुटलं का?

औलू शहरात जानेवारीत सकाळ साडेदहाला होते.
तोवर माझ्या पडद्यावर
शहाण्णव कोअर जागे असतात
आणि काहीच करत नसतात.

काहीच नाही, असं नाही.
विचारत असतात.
सुटलं का? सुटलं का? सुटलं का?
जागच्या जागी गिरक्या घेत, सेकंदाला कोट्यवधी वेळा,
एका कुलपाला.
पलीकडे आठ डिस्क, नव्याकोऱ्या,
पंगतीत वाढप्याची वाट बघावी
तशा बसलेल्या.

मोजलं तेव्हा आकडा आला एकाहत्तर.
शंभरातले एकाहत्तर क्षण निव्वळ ताटकळण्यात,
आणि ताटकळायलाही वीज लागते:
पंखे घोंघावतात, पत्रा तापतो,
ग्राहकाला वाटतं, बिचारं यंत्र किती राबतंय.

झारीतला शुक्राचार्य सापडला
तो अवघ्या चार ओळींचा. वर टीप:
‘हे कुलूप काढू नये. तौनो, २००१.’
कारण नाही. नुसतं ‘नये’.

मी काढलं.
तीन तास यंत्र असं धावलं
की ओर्वोक्की खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी येऊन बसली.
चौथ्या तासाला एक फाइल उघडली,
तिच्यात अर्धं पान एकाचं, अर्धं दुसऱ्याचं,
वाक्य मधेच भलत्याच्या घरात शिरलेलं.
ओर्वोक्की काही बोलली नाही. कॉफी आणायला गेली.
आमच्याकडे याला सांत्वन म्हणतात.

शनिवारी तौनोला गाठलं, समुद्रावर.
समुद्र म्हणजे या दिवसांत पांढरं माळरान;
त्यावर स्टुलं, आणि प्रत्येक स्टुलासमोर
गिरमिटाने पाडलेलं वीतभर भोक.
“ते कुलूप?” दोरीवरची नजर न काढता तो म्हणाला,
“तेव्हा यंत्रात प्रोसेसर एकच होता गं.
कुलूप म्हणजे शिष्टाचार.
रिकाम्या खोलीत शिरतानाही दारावर टकटक करावी, तसा.”
मग बराच वेळ काही नाही.
मग: “पण ते राखत काय होतं, पाहिलंस?”

नव्हतं पाहिलं.

रांग राखत होतं. ती वाटून देता येते, ज्याची त्याला.
मोजदाद राखत होतं. तीही ज्याने त्याने आपल्या खिशात ठेवावी.
आणि एक गोष्ट, जी कोडमध्ये कुठेच लिहिलेली नव्हती:
चालू यंत्रातून कुणी डिस्क उपसून काढतो
तेव्हा सगळ्यांना खरोखरच थांबावं लागतं.
‘नये’ होतं ते त्या एका क्षणासाठी.

तौनोला वाटलं असणार, हे उघडच आहे.
उघड गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही,
आणि आधी बुजतात त्या त्याच,
रात्रीत गोठून येणाऱ्या भोकासारख्या.

सहा आठवडे लागले,
पैकी साडेचार नावं ठरवण्यात आणि वाद घालण्यात.
एकाहत्तरचे आता चार झालेत.
चारच का, शून्य का नाही, मला अजून कळलेलं नाही.
कुलूप आहे. महिन्यातून एखाद्‌दोनदा लागतं.
‘नये’च्या खाली मी कारण लिहिलं, अडीच ओळी,
तौनोची ओळ तशीच ठेवून.

एक मात्र गमावलं.
पूर्वी कुणी विचारलं, या घडीला किती कामं चालू आहेत,
तर नेमका आकडा मिळे.
आता शहाण्णव खिसे चाचपावे लागतात,
आणि शेवटच्या खिशाशी पोचेस्तोवर
पहिल्यात भर पडलेली असते.
अहवालात त्या रकान्यापुढे मी ‘सुमारे’ लिहिते.
माझा हात अजून तिथे अडखळतो.

त्या शनिवारी निघताना तौनोला सहज विचारलं होतं,
“किती मासे मिळाले आज, सगळ्यांचे मिळून?”
त्याने मान वर केली,
बर्फावर पांगलेल्या चाळीसेक पाठींकडे बघितलं.
“कुणाला ठाऊक,” म्हणाला. “अंधार पडल्यावर काठाला येतील, तेव्हा बघू.”
आणि नजर पुन्हा खाली,
दोरी जिथे काळ्या पाण्यात शिरते तिथे.