गळकी, नग तीन

एकतीस वर्षं गोदीत
मी पिंपं लिहिली.
लाकडी, नग चाळीस. पैकी गळकी, नग तीन.
गळकी नेहमी तांबड्या शाईत
आणि शेजारी माझी सही, लहान, जरा घाबरलेली.
हात एकालाही लावला नव्हता.
शेडच्या जाळीतून बघायचे,
ती घरंगळत जायची पोट सांभाळत
पंगतीतून उठलेल्या व्याह्यांसारखी.

दारूखान्यात कमरुद्दीनकडे
मोडलेल्या जहाजांचं सगळं मिळतं.
गोल खिडक्या, बेसिनं, एका हाताची खुर्ची.
"बाई, यात काय होतं विचारू नका. वास घ्या."
मी डोकं आत घातलं.
शिरका. डांबर. ओलं गोणपाट.
आणि अगदी तळाशी काहीतरी गोड,
कधीच चाखलं नव्हतं, तरी आठवलं.
साडेआठशे सांगितले, सातशेला दिलं,
वर मधोमध कापूनही दिलं.

माझगावच्या आमच्या गच्चीत
टिपणीस, सेक्रेटरी, वर आले.
स्लॅबवर बोटांनी टकटक केली
डॉक्टर छातीवर करतात तशी.
"वजन," म्हणाले. "आणि गळती."
म्हटलं, गळतीचं मला नका सांगू.

पहिलं अर्धं तसंच भरलं, भोक न पाडता.
हात धजेना.
पंधरा दिवसांत मातीला डबक्याचा वास
आणि गवती चहा मुळापासून काळा.
रेबेलोबाई बिलिंबीचं रोप घेऊन आल्या होत्या
तेलाच्या डब्यात.
वाकून बघितलं, कपाळाला हात लावला.
"अगो, झाडाला पण जायला लागतं!"

भाच्याचं ड्रिल आणलं.
तळाला सहा भोकं.
भुसा जायफळाच्या रंगाचा, चष्म्यावर, केसांत,
आणि सगळा वेळ वाटत होतं
मागून साहेब येतील, रजिस्टर मागतील.

दुसरं अर्धं रिकामंच राहिलं.
मे महिन्यात भावाकडे जाऊन आले तर
फळ्या सुटलेल्या,
लोखंडी कड्या खाली घसरलेल्या
आजारपणातल्या बांगड्यांसारख्या.
कमरुद्दीन फोनवर हसला.
"पाणी पाजा. खिळा नाही त्यात, डिंक नाही.
फुगून एकमेकीला दाबतात, म्हणून उभ्या."
एकतीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.
रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.

फळ्या पुन्हा गोल मांडल्या,
कड्या हातोडीने वर चढवल्या,
बादल्यांवर बादल्या ओतल्या.
पहिल्या दिवशी सगळं बाहेर.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या रात्री कधीतरी
फळ्यांनी एकमेकींना धरलं.
मी झोपले होते.

तोवर तांबूस पाणी
टिपणिसांच्या छतावर नकाशा काढून गेलेलं.
पत्र आलं, सोसायटीच्या शिक्क्यानिशी,
विषय: गळती.

बिलिंबीला आता खोडालाच फळं लागतात,
फांदीपर्यंत जायचा धीर नाही त्यांना.
रेबेलोबाई बांगड्याच्या कालवणात घालतात,
वाटीभर वर पाठवतात.
मी मासे खात नाही हे त्यांना वीस वर्षं माहीत आहे.
रस्सा खाते.

पत्र अजून फ्रीजवर आहे.
त्याच्याच पाठीवर उत्तर लिहिलंय,
तांबडं पेन मुद्दाम शोधून:
गळकी, नग एक. भोकं सहा.
पाडणार: मी.
खाली सही.
कागदाबाहेर गेली थोडी.