ळ

माझ्या रेसिडेंट कार्डावर मी बलसुली आहे.
अरबीत प नाही, ळ तर नाहीच,
खिडकीमागच्या माणसाने
त्याच्यापाशी होतं तेवढं दिलं.
तक्रार नाही. रांगेत माझ्यामागे तीस जण होते
आणि प्रत्येकाचं काहीतरी बाहेर राहत होतं.

रुवीत जन्मले. डोंगर पाहिले ते भाजल्या विटेसारखे,
अंगावर एक झुडूप नसलेले.
चित्रकलेच्या वहीत तसाच रंगवला
तर साताऱ्याची आत्या म्हणाली, अगं, डोंगर हिरवा असतो.
तिच्या खिडकीतला डोंगरही मे महिन्यात तपकिरीच होता.
मी काही बोलले नाही.

तिथे चुलतभाऊ म्हणतो, काळा म्हण.
काला.
केळं म्हण. वेळ. मूळ.
सगळे हसतात, प्रेमानेच हसतात,
आणि प्रेमाने हसलेलं जास्त दिवस टिकतं.
मग पाहुणी म्हणून मला आधी वाढतात.

इथे बाबा. चपला, चहा, फोनवर घराचा हप्ता.
बारावी झाली की पुण्याला परत पाठवू म्हणतात,
परत, जिथे मी कधी नव्हतेच तिथे.
एसी गुरगुरत असतो.
आमच्या घरात सगळ्यात जास्त तोच बोलतो.

हे सगळं मी कुणालाही सांगते, सुंदर सांगते,
शाळेच्या वक्तृत्वात यावर बक्षीस आहे मला.
आता जे सांगत नाही ते.

नववीत आम्रपाली सोनकांबळे आली, परभणीहून.
आई इस्पितळात नर्स.
केसांना तेल, आवाज मोकळ्या रानातला.
पहिल्याच दिवशी बसमध्ये, सगळ्यांदेखत,
पळसुले म्हणजे तू आपल्याकडचीच की गं!
किती नीट म्हणाली,
गालातली गोटी अलगद फिरवावी तसा ळ.
मी बाहेर बघत म्हटलं, सॉरी, मराठी नहीं आती.

एवढंच. भांडण नाही, टिंगल नाही,
कुणी बोट ठेवावं असं काहीच नाही.
वर्षभर ती माझ्या मागच्या बाकावर होती
आणि मी मान वळवली नाही.
मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या कूलरला टेकून डबा खायची,
जणू तो कूलर तिच्या गावचा.
एप्रिलमध्ये हजेरीत तिचं नाव आलं नाही.
कुठे गेली हे विचारायचं
तर मला ती भाषा येतेय हे कबूल करावं लागलं असतं.

काल रात्री वादी कबीरच्या उतारावर,
टायरच्या दुकानांमागच्या कॅफेटेरियात बसलो होतो
मी, जोबिन, रय्या.
रय्याची आजी झांजीबारहून आलेली, घरात स्वाहिली;
तिच्याच देशात तिला विचारतात, तुम्ही मूळचे कुठले?
ती म्हणते, पोटातून.
तिघे तीन फोनांत. मानेवर एसीचं पाणी ठिबकत होतं
आणि उठून खुर्ची सरकवायचा सगळ्यांनाच कंटाळा.

पार्सलसाठी मी आडनाव सांगितलं होतं.
मोइदूक्काने आतून हाक मारली,
पळसुळे!

मलबारी जीभ. तिथे ळ पैशाला पासरी.
एक हवा होता, त्याने दोन दिले.
बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे,
एका हाताने बैसा मोजत, दुसऱ्याने पिशवी पुढे,
त्याच्यासाठी मी दोन पराठे आणि एक करक.
आणि मी उभीच राहिले तिथे
मागचा माणूस खाकरेपर्यंत.

जास्तीचा ळ कुणाचा ते मला ठाऊक आहे.
परत करायचा तर पत्ता नाही.

काय म्हणाला तो, रय्याने विचारलं.
माझं नाव.
हे? मग आम्ही काय म्हणतो इतकी वर्षं?
म्हणून दाखव ना.

पराठा पिशवीतून भाजत होता, मी हात बदलला,
जीभ वर उचलली,
मागे वळवली, टाळूला,
अजून थोडी मागे