मोजलेला कागद

छत्तीस वर्षं प्रेसमध्ये काढली मी
स्टॅम्प पेपरवरचे आकडे तपासत.
चुकलेला कागद फाडून टाकता येत नसे तिथे;
तोही मोजून परत द्यायचा, समोर सही घ्यायची,
मग गेटवर झडती, मग घर.
म्हणून सोसायटीने सेक्रेटरी केलं मला,
आणि अक्षर बरं म्हणून
नोटिसाही माझ्याकडेच.
टाकी धुणार आहेत. गुरुवारी पाणी नाही.
असल्या.

ही वेगळी.

नऊ वर्षं तो इथेच होता तसा,
आमच्या गच्चीवरून दिसते ती जेलची भिंत,
कुरडया वाळत घालताना
आपण कुणाच्या समोर वाळत घालतोय
हे कधी मनात आलं नाही.
आता सुटलाय. बहिणीकडे उतरलाय, बी विंग, तळमजला.
प्रमिला हल्ली कपडे आतल्या खोलीत वाळवते,
आणि तिची ऋता, दहावीची,
क्लासला मागच्या गेटने जाते.

मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या, पहिल्यांदाच.
बोरस्ते म्हणाले, फोटोसकट लावा बोर्डावर,
लिफ्टमध्ये एक, वॉचमनच्या केबिनला एक.
गांगुर्डे वकीलबाई म्हणाल्या,
यादी आहे सरकारची, पण ती पोलिसांपुरती.
कोर्टाने दिली तेवढी शिक्षा त्याने भोगली;
त्यावर आपण जिन्यात आणखी एक द्यायची,
हे कुठल्या कलमात बसतं?
एकवीस त्यालाही लागू आहे.
बोरस्ते उठले. त्यांचा आवाज फाटला.
"आणि माझ्या नातीला नाही का एकवीस?"
वकीलबाई चष्मा पुसत राहिल्या.
चहा आला, कुणी घेतला नाही.

रात्री कागद पुढे ओढला.
सर्व सभासदांना कळविण्यात येते की,
इथवर नेहमीसारखंच.
पुढे नाव.
प्रेसमध्ये म्हणायचो, गेटबाहेर गेलेला कागद
पुन्हा मोजता येत नाही.
हा कुठवर जाईल? भाजीवाल्यापर्यंत,
ऋताच्या शाळेच्या बसपर्यंत,
तो ज्या पिठाच्या गिरणीत
पोती उचलायचं काम मागत फिरतोय तिथवर.
आणि मग कुठे जाईल तो?
जिथे नोटीस नाही, बहीणही नाही,
तिथे.
तिथेही लहान मुली असतीलच ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली.
दोन गल्ल्या सोडून राहते, म्हणाली,
नवऱ्याला माहीत आहे, सासूला नाही.
बसली नाही. दाराच्या चौकटीला हात धरून बोलली.
"काकू, बोर्ड लावू नका.
त्याचं नाव वाचलं की लोक
पुढचं नाव विचारतात."

माझं नाव छापायला बंदी आहे, म्हणाली,
पण याच रस्त्यावर वाढलेय मी,
त्याचं छापलं की माझं
आपोआप वाचता येतं.

मी पाणी दिलं. ते तिने घेतलं.
मग जाता जाता, चप्पल घालताना, खाली बघत:
"पण तो गिरणीत किती वाजता जातो
तेवढं मला सांगाल का?
मला एकटीलाच."

नोटीस लावली नाही.
अर्धा लिहिलेला कागद फाडलाही नाही,
सवयच नाही फाडायची.
घडी करून कपाटात ठेवलाय, तारीख घालून.

आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत
मागच्या पानापासून मी लिहिते आहे
साडेसात. पावणेआठ.
रविवारी नाही.
परवा परतताना त्याने मान वर केली,
खिडकीत मी होते, पेन हातात.
त्याने नमस्कार केला.
मी वही मिटली.

ज्याच्यासाठी एवढं भांडण झालं
ते रजिस्टर आता माझ्याच घरात आहे.
एक वाचक, एक लेखक,
आणि झडती घ्यायला गेटवर
कुणीच नाही.