दोलिना

क्रासच्या पठारावर मिलोय्का
खड्ड्यात उतरून बटाटे काढते.
तळाशीच काय ती तांबडी माती,
वर नुसता चुनखडक आणि बोचरा वारा.

मी वहीत लिहितो : दोलिना. व्यास चाळीस मीटर.
"दोलिना म्हणजे दरी," ती म्हणते. "ही तर वर्ताचा."
मी म्हणतो, पुस्तकांत जगभर दोलिनाच,
शब्द तुमच्याकडूनच नेलाय.
"नेताना विचारायचं तरी."

माझ्या विषयाचं नाव तिला फोडून सांगतो :
भू. रूप. शास्त्र.
ती रूपापाशीच अडते.
दाढा गेल्यावर आत बसलेल्या गालावर
मातीचं बोट टेकवते :
"मग याला काय म्हणतोस?"

वही खिशात घालून
मी पाटीची दुसरी कडी धरतो.
चढ बराच आहे.