खिडकी क्रमांक दोन

पहिल्या सामन्याला दर होता दोनशे.
रग्बी, तेरा-तेराची; बालेवाडीचं मागचं मैदान,
खडकी विरुद्ध पिंपळे गुरव.
समितीत चिपळूणकर म्हणाले,
दोनशेत दोघांची मिसळ होते, ताक धरून,
ऐंशी मिनिटांचा खेळ त्याहून स्वस्तात का द्यायचा?
नारायण पेठेतून दोन हजार तिकिटं छापून आली,
फिकट गुलाबी, बोटाला शाई लागणारी.

मी खिडकी क्रमांक दोनला बसले.
खिडकी क्रमांक एक नव्हतीच.
पण दोन लिहिलं की वाटतं, गर्दी होणार आहे.
हे डोकंही चिपळूणकरांचंच.

माणसं आली एक्केचाळीस.
त्यातली एकोणीस पासवाली.
तिघं फुटबॉल समजून आलेली,
चेंडू असा दुधी भोपळ्यासारखा का, विचारत
शेवटपर्यंत थांबली मात्र.

पुढच्या बैठकीत फळ्यावर व्यस्त प्रमाण मांडलं गेलं:
दर निम्मा, माणसं दुप्पट.
शंभरचा शिक्का दोनशेवर मारता मारता
माझं मनगट सुजलं.
माणसं आली अडतीस.
बाकीची बाणेरच्या वाहतुकीत अडकली होती
की घरी पंख्याखाली लोळत होती,
ते फळ्याला कसं कळावं.

मग पन्नास.
शिक्क्यावर शिक्का, आता रक्कम वाचताच येईना.
गल्ला मोजायला मला चार मिनिटं लागली,
त्यातली दोन चष्मा शोधण्यात.
वर्तमानपत्राला पाठवलेल्या मजकुरात चिपळूणकरांनी लिहिलं,
"प्रेक्षकांचा उदंड प्रतिसाद".
मी "उदंड" खाली पेन्सिलीने रेघ मारली
आणि काही बोलले नाही.

चौथ्या सामन्याला फाटकावर पाटी लागली:
प्रवेश विनामूल्य.
एक गृहस्थ स्कूटर थांबवून, हेल्मेट न काढता
दोनदा वाचून गेले पाटी.
मग खिडकीशी येऊन म्हणाले,
"मग तुम्ही कमावता कशात?"
मला उत्तर सुचेपर्यंत स्कूटर सुरू झाली होती.
त्या दिवशी माणसं एकोणतीस.

खरं तर अठ्ठावीस. आणि बेबीनंदा ओव्हाळ.

दारूगोळा कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते,
मुलगा खडकीकडून खेळतो, पाठीवर तेरा.
खेळाडूच्या घरच्यांना दोन पास असतात.
तिने ते शेजाऱ्यांना वाटले होते, शेजारी आले नव्हते,
आणि ती दर वेळी रांग नसलेल्या रांगेत उभी राहून
दोनशे, मग शंभर, मग पन्नास
दहा-दहाच्या नोटांत मोजून देत आली होती.

"आज फुकट आहे हो," मी म्हटलं.
तिने पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.
"फुकट लोक अपघात बघतात, बाई.
रस्त्यात गाडी थांबवून.
माझा पोरगा खेळतोय. तिकीट फाडा."

मी फाडलं.
बंडल इतकं जाड होतं की पहिलं पान
सरळ निघेना, कोपऱ्यात तिरकं फाटलं.
तिने तो तुकडाही मागून घेतला.

मग आत जाऊन अगदी वरच्या पायरीवर बसली,
सगळं स्टेडियम तिचंच असल्यासारखी,
कारण होतंच रिकामं.
पोराला तिघांनी मिळून आडवा केला तेव्हा
तोंड दुसरीकडे वळवलं,
आणि तो उठून चेंडू टाचेने मागे ढकलू लागला तेव्हा
परत वळवलं.
एवढंच. ओरडली नाही एकदाही.

मार्चमध्ये हिशेब तपासनीसाने वहीत बोट ठेवलं:
प्रवेश विनामूल्य, आणि जमा रुपये पन्नास?
हे कसं काय?
चिपळूणकर माझ्याकडे बघू लागले.
चूक असेल तर खोडा, म्हणाले.

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
"तिकीट विक्री. नग एक."
आणि खाली सही केली, संपूर्ण नावाने.

गुलाबी तिकिटं अजून एक हजार आठशे आणि काही उरली आहेत.
पुढच्या रविवारचा दर ठरायचा आहे.
समितीत मला मत नाही.
तरी या वेळी शिक्का आणलेला नाही.